रिकाम्या तीन ओळी

गोंदियाहून सुटलेल्या दुपारच्या पॅसेंजरमध्ये माझ्या समोरच्या बाकावर एक मुलगा व्हायोलिनच्या खुंट्या पिळत बसला होता. सप्टेंबरचा पाऊस खिडकीतून तिरपा आत येत होता. तो एका हाताने व्हायोलिनवरचे थेंब टिपत होता आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर सूर लावून बघत होता. मोबाईल दर अर्ध्या मिनिटाला सुराऐवजी जाहिरात वाजवत होता.

माझ्या मांडीवर नव्या नादकाट्यांची लाकडी पेटी होती. अर्जुनी मोरगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते, त्यासाठीची ती खरेदी होती. चौथ्यांदा जाहिरात लागली तेव्हा मी पेटीतला सगळ्यात मोठा काटा काढला, चपलेच्या रबरी टाचेवर आपटला आणि त्याचा दांडा पेटीच्या झाकणावर टेकवला.

"पांढरी एक!" तो दचकून म्हणाला. मग कान जवळ आणून... "जराशी उतरलेली आहे पण."

"उतरलेली नाही. दोनशे छप्पन्न कंपनं आहेत. काट्यावर कोरलेलं आहे."

"आमच्या बाजाच्या पेटीची पांढरी एक दोनशे एकसष्ट असते."

"मग तुमची पेटी चढलेली आहे."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा थोडा जास्त मिटत होता. "तुम्ही मास्तरीण आहात का?"

"नाही. प्रयोगशाळा सहायक."

"म्हणजे मास्तरांना सामान काढून देणाऱ्या."

"म्हणजे मास्तरांचं चुकलं की सांगणाऱ्या."

त्याने तारा मुकाट्याने माझ्या काट्याला जुळवून घेतल्या.

त्याचं नाव उमेंद्र पटले. तिरोड्याच्या एका शाळेत संगीत शिकवत होता. व्हायोलिन खैरागडच्या संगीत विद्यापीठात शिकला होता. आणि तो एका कवीला शोधायला अर्जुनीला निघाला होता. आजकालच्या चार मराठी कवितांना त्याला चाली द्यायच्या होत्या. एक गायिका, व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि ऑर्गन, एवढंच. तबला नाही.

"तबल्याशिवाय गाणं?" मी विचारलं.

"कवितेलाच ठेका नाही. मी कुठून आणू?"

त्याने पिशवीतून एक छोटं मासिक काढलं. पानाचा कोपरा मुडपलेला होता.

"तीन कविता मिळाल्या, परवानग्याही मिळाल्या. ही चौथी. खाली फक्त 'दु. डोंगरवार, अर्जुनी मोरगाव' एवढंच लिहिलंय. कोणी म्हातारे असावेत. दुर्योधन की दुलीचंद, काही कळत नाही. तुम्ही तिकडच्याच ना? ओळखता?"

मी पान बघितलं.

पाळीवर उभी राहून
मी तलावाची पातळी वाचते.
काल होती तेवढीच.
कोणीतरी विचारतं,
काय म्हणतेस?

त्यानंतर तीन ओळींची जागा रिकामी होती. आणि मग शेवटची ओळ—

पाणी सांडव्यावरून गेलं.

मी पान त्याला परत दिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. सौंदड गेलं. देवळगाव गेलं. धानाच्या बांध्यांमधून पाणी चमकत होतं. तो मधूनमधून माझ्याकडे बघत होता. बघितल्यावर व्हायोलिनकडे बघत होता. बाराभाटीला गाडी थांबली तेव्हा मी म्हणाले, "दुर्गेश्वरी."

"काय?"

"दु म्हणजे दुर्गेश्वरी. म्हणजे मी. 'वाचते' लिहिलेलं आहे कवितेत. दुलीचंद कसा वाचते?"

त्याचे कान लाल झाले. हे मी नोंदवून ठेवलं.

"तीन स्टेशनं तुम्ही काऊन गप्प होत्या?"

खरं तर मला नेहमीच असं होतं. शब्द असतात, पण वेळेवर येत नाहीत.

*

झाडीपट्टीतली नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतात. धानाची रोवणी आटोपल्यापासून दिवाळीपर्यंत वाजवणारी-गाणारी माणसं मोकळी असतात. उमेंद्रने त्यातलीच तिघं गोळा केली होती. ऑर्गनवर श्यामलाल काका. चाळीस वर्षं नाटकांना साथ केलेले. क्लॅरिनेटला धर्मेंद्र, लग्नांच्या वरातीत वाजवायचा आणि बोलायचा जवळजवळ नाहीच. गायला मंजू, नाटकात नायिकेचं काम करायची आणि धर्मेंद्रच्या वाटणीचंही तीच बोलायची.

तालीम अर्जुनीतच, श्यामलाल काकांच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, दर रविवारी सकाळी. परवानगी मी एका अटीवर दिली होती: तालमीला मी हजर राहीन. कारण विचारलं तर मी सांगितलं असतं, कुतूहल. ते अर्धं खरं होतं.

पहिल्याच रविवारी घोळ झाला. मंजूने "काय म्हणतेस?" गायलं. उमेंद्रने तिथे सात सेकंद काहीच न वाजवायचं ठरवलं होतं. त्याने व्हायोलिनचा गज खाली घेतला, धर्मेंद्रने क्लॅरिनेट ओठांवरून काढलं. एक, दोन... आणि ऑर्गनवरून सुरांची एक लांबलचक लड घरंगळत आली.

"काका!"

"काय झालं?"

"इथे थांबायचं आहे."

"थांबलो होतो ना जी. पन कोनी काही म्हनेच ना! मले वाटलं मंजू इसरली."

"मी कायले इसरू?" मंजू म्हणाली. "सहा ओळींचं तं गानं हाय!"

दुसऱ्यांदा तेच झालं, तिसऱ्यांदाही. काकांना राग नव्हता. उलट त्यांनाच वाईट वाटत होतं. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. "हे पाय पोरी. नाटकात शांतता झाली म्हनजे कोनीतरी भाषन इसरला. पब्लिक शिट्टी मारते. तवा ऑर्गनवाल्यानं सूर भरून द्याचा, तवरिक त्याले आठवते. चाळीस वर्षं हेच करून रायलो. आता हात इचारतच नाही मले."

मग उपाय सुरू झाले. काकांनी उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला. डाव्या हाताने भरलं. दोन्ही हात दाबले. पायाने भाता जोरात मारला आणि ऑर्गनने नुसता सुस्कारा टाकला. मंजू हसून हसून भिंतीला टेकली. मला त्या सुस्काऱ्याचं काहीतरी आवडलं.

तालीम संपल्यावर मी उमेंद्रला सोडायला स्टेशनपर्यंत चालत गेले. पाऊस होता आणि छत्री एकच, त्याची. तो ती माझ्याकडे जास्त धरत होता; त्याचा उजवा खांदा भिजत होता.

"भरू दे त्यांना," तो म्हणाला. "दोन-तीन सूर. छान वाजवतात. इथलं पब्लिक सात सेकंद गप्प बसणार नाही."

"मग कविता राहणार नाही."

"तुम्ही मला एक सांगा. त्या रिकाम्या ओळींत काय आहे? ते कळलं तर मी काकांना समजावू शकीन."

चिखलातून त्याच्या चपलेचा फटक-फटक आवाज येत होता.

"मागच्या वर्षी साकोलीहून मला बघायला आले होते," मी म्हणाले. "चहा झाला, पोहे झाले. मुलाच्या आईनं विचारलं, 'काय म्हणतेस पोरी?' मला 'नाही' म्हणायचं होतं. मी शब्द जुळवत होते... तेवढ्यात माझी मावशी म्हणाली, 'लाजून राहिली, होच समजा.' आणि सगळ्यांनी साखर खाल्ली."

"मग?"

"मग मला 'नाही' सांगायला वीस दिवस लागले. तोपर्यंत हॉल बघून झाला होता. बाबांना साकोलीला जाऊन माफी मागावी लागली. ते मला काही बोलले नाहीत, पण त्या रस्त्यानं अजून जात नाहीत."

तो थांबला. छत्रीही थांबली.

"म्हणजे ती शांतता होकार नव्हती."

"नाही. ती फक्त शांतता होती. दुसऱ्यांनी भरली."

पुढच्या रविवारी त्याने काकांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. काका ऑर्गनमागे बसले, "काय म्हणतेस?" आलं, आणि त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. सात सेकंद सपरीत फक्त पागोळ्या वाजत होत्या. मग मंजूने शेवटची ओळ गायली. क्लॅरिनेट अगदी खालून, पाण्यासारखं तिच्या सुराखाली शिरलं.

धर्मेंद्र म्हणाला, "बरं वाटलं." महिन्यातलं त्याचं तेवढंच वाक्य.

*

यानंतर उमेंद्र रविवारशिवायही येऊ लागला. कधी कागद विसरला म्हणून, कधी काकांच्या ऑर्गनचा एक सूर अडकतो तो बघायला. तिरोड्याहून गोंदिया, गोंदियाहून गाडी बदलून अर्जुनी. एका अडकलेल्या सुरासाठी हे फार होतं. मी त्याला तसं म्हटलं.

"सूर अडकला की झोप येत नाही," तो म्हणाला.

"दुरुस्त झाला का?"

"झाला. म्हणून तर काल झोपलो. आज दुसरा अडकलाय."

तो प्रयोगशाळेतही आला. दोन नादकाटे एकत्र वाजवल्यावर आवाज कमीजास्त घुमतो, तो त्याने डोळे मिटून ऐकला. मी समजावत होते, तो ऐकत होता. मध्येच त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "तुम्ही समजावताना हात असे का हलवता?"

"कसे?"

त्याने करून दाखवलं. अगदी बरोबर केलं. तेव्हापासून आम्ही 'तू' म्हणू लागलो; कोणी आधी म्हटलं ते आठवत नाही, आणि मला बहुतेक गोष्टी आठवतात.

कार्यक्रम रविवारी होता, वाचनालयाच्या सभागृहात, दुपारी चारला. त्याआधीच्या मंगळवारी तो आला तेव्हा काही विसरला नव्हता. स्टेशनवर बाकावर बसून त्याने एक पत्र माझ्या हातात दिलं. कोलकात्याच्या एका संगीत महाविद्यालयाने त्याला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. वाजवायचं, शिकवायचं, राहायची सोय. बुधवारपर्यंत कळवायचं होतं.

"उद्यापर्यंत," मी म्हणाले.

"हो. आठ दिवस झाले पत्र येऊन. सांगू-सांगू म्हणत होतो." त्याने पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. "चांगली संधी आहे, सगळे म्हणतात. पण मला... तुला विचारायचं होतं. मी जाऊ का? काय म्हणतेस?"

तेच दोन शब्द. त्याच्याही लक्षात आलं. तो किंचित हसला आणि लगेच हसू आवरलं.

मला काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं. पण 'जाऊ नकोस' म्हणणं चुकीचं होतं. त्याची संधी मी का अडवायची? 'जा' म्हणणं खोटं होतं. या दोन्हींच्या मध्ये एक बरोबर वाक्य होतं आणि मी ते शोधत होते. शोधत राहिले. गाडी आली. माणसं उतरली, चढली.

"बरं," उमेंद्र उठत म्हणाला. त्याचा आवाज सभ्य होता, ते वाईट होतं. "तूच सांगितलं होतंस... तुझं गप्प राहणं म्हणजे होकार नसतो. मी आपल्या मनानं भरणार नाही."

तो चढला. दारातून त्याने हात हलवला. मीही हलवला.

वाक्य मला सापडलं ते घरी पोचल्यावर, चौदा मिनिटांनी. फोन हातात घेतला. पण ते फोनवर पाठवायचं वाक्य नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. हे खरं होतं की पळवाट, याचा मी अजून निकाल लावलेला नाही.

*

रविवारी सभागृहात शंभरेक माणसं होती. अर्धी मंजूला बघायला आली होती. ती नाटकातली मंजू, आणि तिकीट नव्हतं. बाबा तिसऱ्या रांगेत छत्री पायांमध्ये उभी धरून बसले होते. मी पहिल्या रांगेत, कडेला. उमेंद्रने माझ्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्या कोणाकडेही हलवतो तशी.

पहिल्या तीन कविता बऱ्या झाल्या. लोकांना तबला हवा होता हे दिसत होतं, पण मंजूचा आवाज हवा होता त्याहून जास्त. मग चौथी आली. व्हायोलिनने एकच सूर लांबवर नेला, मंजूने हळूच सुरुवात केली.

"कोणीतरी विचारतं... काय म्हणतेस?"

शांतता.

एक. दोन. मागच्या रांगेत कोणीतरी खाकरलं. तीन. "अरे, इसरली वाटते!" एक आवाज आला, मग एक शिट्टी, मग थोडं हसू. मी काकांकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण डावा हात उजव्या मनगटावर घट्ट होता. मंजू समोर बघत ताठ उभी होती. तिचे कान लाल झालेले मला दिसत होते. चार. दुसरी शिट्टी.

आणि उमेंद्रने गज उचलला.

मला आधी खरं वाटलं नाही. काका धरून होते, आणि ज्याने ही शांतता ठरवली तोच ती भरायला निघाला होता. गज तारेवर टेकणार तेवढ्यात—

"थांब!"

तो आवाज माझा होता. मी उभी होते. सभागृहातली शंभर डोकी माझ्याकडे वळली, बाबांचंही.

"ती विसरली नाही," मी म्हणाले. आवाज पुरेसा मोठा होता. "इतकी घाई करू नका. थांबा जरा."

कोणी शिट्टी मारली नाही. उमेंद्रचा गज हवेत होता तिथेच राहिला. तो माझ्याकडे बघत होता. बाहेर पाऊस पडत होता हे त्या वेळी सगळ्यांनाच ऐकू आलं असावं. किती सेकंद गेले ते मी मोजले नाहीत. मग मंजूने शेवटची ओळ गायली. मी उभ्याउभ्याच ती ऐकली. बसायचं राहून गेलं.

टाळ्या झाल्या. मागून कोणीतरी "वन्समोअर" ओरडलं, आणि दुसऱ्याने त्याला "गप ना बे" म्हटलं.

*

नंतर मंजूने मला व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, माझ्या गान्यात तुमचाच आवाज मोठा होता हो!" पण तिने माझा दंड दाबला आणि सोडला नाही. काका धर्मेंद्रला सांगत होते, "मी धरून ठेवला हात, अन् हाच पोट्टा सुटला!"

बाबा छत्री उघडत जवळ आले.

"तो व्हायोलिनवाला कोनाचा होय?"

"पटले. तिरोड्याचा."

"पोवार समाजाचा?"

"हो."

बाबांनी पावसाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू सभेत बोलली," ते म्हणाले, जणू पाऊस पडतो आहे असं सांगावं तसं. उघडलेली छत्री त्यांनी माझ्या हातात दिली. "मी जातो. मले भिजायची सवय हाय." आणि खरोखरच डोक्यावर रुमाल टाकून गेले.

उमेंद्र फाटकापाशी होता, व्हायोलिनची पेटी छातीशी धरून. मी छत्री त्याच्यावर धरली.

"मी घाबरलो," तो म्हणाला. "शिट्टी ऐकली आणि वाटलं, माझ्या हट्टापायी मंजूची फजिती होते आहे. काका धरू शकले, मी नाही... माफ कर."

"ते राहू दे. मला मंगळवारचं सांगायचं आहे." मी श्वास घेतला. "मला तू आवडतोस. जायचं की नाही ते तू ठरव, त्यात मी बोलणार नाही. पण हे माहीत नसताना जाऊ नकोस."

आता गप्प राहायची पाळी त्याची होती. मी ती जागा भरली नाही.

"दुर्गा," तो शेवटी म्हणाला, "मी बुधवारीच होकार कळवला."

"हो. मला वाटलंच होतं."

"एक तारखेला रुजू व्हायचंय. हेच मंगळवारी म्हणाली असतीस तर—"

"तर तू गेला नसतास. आणि दोन वर्षांनी कधीतरी मला ते ऐकवलं असतंस."

त्याने विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी पडली. "ऐकवलं असतं," तो म्हणाला, आणि हसला. डावा डोळा मिटला. "मला पण तू... म्हणजे गाडीतच. ते 'तुमची पेटी चढलेली आहे' म्हणालीस ना, तेव्हाच. तुला कळलं नाही?"

"कान लाल झालेले दिसले होते. पण एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत."

"किती लागतात?"

"बरीच."

छत्री बाबांची होती, मोठी. तरी आम्ही दोघं गरजेपेक्षा जवळ उभे होतो. त्याची बोटं छत्रीच्या दांड्यावर माझ्या बोटांच्या वर येऊन थांबली. गार होती, टोकांना तारांचे घट्टे.

"गोंदियावरून अठरा तास लागतात," तो म्हणाला. "सुट्टीत येत जाईन."

"सुट्ट्या किती आहेत?"

"ते... विचारलं नाही."

"विचार ना."

"आत्ता? रविवार आहे."

मी काही म्हणाले नाही, पण या वेळी त्याला बरोबर कळलं. त्याने फोन काढला, छत्रीखालीच लावला. "नमस्कार सर, उमेंद्र पटले बोल रहा हूँ, गोंदिया से... नहीं नहीं सर, आ रहा हूँ. बस एक बात पूछनी रह गई थी. साल में छुट्टियाँ कितनी मिलती हैं?"

तो ऐकत राहिला. मग फोन खांद्याने कानाशी दाबून त्याने मोकळ्या हाताची पाचही बोटं मला दाखवली. मूठ मिटली, पुन्हा उघडली. पुन्हा. पस्तीसवर हात थांबला आणि त्याने भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं.

"कमी आहेत," मी म्हणाले, कोलकात्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.